एक मिनिट पन्नास सेकंद

वडवली, ता. माणगाव
२४ नोव्हेंबर २०२४

चि. संपदास अनेक आशीर्वाद.

काल तुमच्या त्या जंगलात जगून दाखवायच्या कार्यक्रमाचा, ‘तग’चा सहावा भाग पाहिला. शेवटी नावं पळतात त्यात ‘ध्वनी : संपदा म्हसकर’ आलं. मी उठून पडद्यावर बोट ठेवेपर्यंत गेलंसुद्धा. तुझी काकू म्हणाली, “पुतणीचं नाव वाचताय की टीव्ही पुसताय?” मी म्हटलं, दोन्ही.

तुझं काम मला ऐकू येत नाही याचं वाईट वाटतं. एसटीच्या वर्कशॉपात एकतीस वर्षं इंजिनं ऐकली, आता कान म्हणतात पुरे. फोनवर नुसतं शूं होतं आणि व्हॉट्सॲपवर माझं बोट दोन अक्षरं एकदम दाबतं, म्हणून हे पत्र. पण आवाज नसला की डोळे नीट काम करतात. तो तुमचा निहार नदीत पडतो, बाहेर येतो, आणि बुटांच्या नाड्या कोरड्या! गाठसुद्धा वेगळी. उडी मारताना घड्याळ डाव्या हातात, वर आल्यावर उजव्या. नाटक आहे हे मला पहिल्या भागापासून माहीत आहे. त्याचं मला काही वाटत नाही.

विचारायचं वेगळंच आहे. आमचं निवृत्त कामगारांचं मंडळ दरवर्षी टेम्पो करून देवाला जातं, जेवतं, पत्ते खेळतं. यंदा मी म्हटलं, आपल्याच डोंगरावर ‘तग’ करू. एक दिवस, बरोबर पाणी, मीठ, कोयती आणि काडेपेटी. चौदा जण तयार झाले. कान गेल्यापासून मी मंडळात भिंतीला टेकून बसायचो. आता बबन मोरे रोज सायकल थांबवून विचारतो, “फोरमन, अजून काय काय खायचं?”

तर सहाव्या भागात निहार जमिनीतून कंद काढतो, दहा मिनिटं निखाऱ्यात भाजतो आणि खातो. खाली ‘कडू करांदा’ असं लिहून येतं. आपल्या डोंगरावर त्याचे वेल हवे तेवढे आहेत. काकू म्हणते, कडू करांदा नुसता भाजून कोणी खात नाही. काप करायचे, राख घालून उकळायचे, टोपलीत घालून रात्रभर वाहत्या वहाळात ठेवायचे, मग तोंडात. मी तर नोकरीपायी पनवेलला राहिलो, मला यातलं काय कळणार! पण तुमच्याकडे जाणकार माणसं असतील, विचारपूस करूनच दाखवत असतील. दहा मिनिटं पुरतात का, तेवढं नक्की कळव.

शैलावहिनींना नमस्कार.

तुझा
सुभाषकाका

*

भाईंदर (पूर्व)
१ डिसेंबर २०२४

ती. काकांस,
सा. न.

पत्र मिळालं. उत्तराला उशीर झाला, क्षमस्व.

माझं काम तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते. शूटिंगच्या जागेवर रेकॉर्ड झालेल्या आवाजातला साधारण पाचवा हिस्सा वापरता येतो. बाकीचं पावलं, पानं, पाणी, श्वास, हे वेगळं रेकॉर्ड करून चित्राला जोडावं लागतं. नाड्यांची चूक ऑफिसात कोणाच्याही लक्षात आली नव्हती.

करांद्याबद्दल. प्रत्येक भागाच्या सुरुवातीला चार सेकंद एक सूचना येते, यातलं काही घरी करून पाहू नये, अशी. ती शब्दशः घ्यावी. चित्रीकरण कसं झालं याबद्दल मी करारानुसार बाहेर बोलू शकत नाही. आमच्याकडची मनाली नावाची मुलगी सेटवरचा एक फोटो मैत्रिणीला पाठवल्यामुळे नोकरीवरून गेली. फोनवर किंवा मेसेजमध्ये मी या विषयावर काही बोलत किंवा लिहीत नाही, ते त्यामुळे.

करांद्याची माहिती काकूंना आमच्यापेक्षा जास्त आहे. त्यांचं ऐकावं.

आईची तब्येत ठीक आहे. तिचा तुम्हां दोघांना नमस्कार.

आपली,
संपदा

*

वडवली
८ डिसेंबर २०२४

चि. संपदास आशीर्वाद.

तुझं पत्र आलं. पुतणीचं पत्र आहे की डेपो मॅनेजरचा मेमो, ते दोनदा पाहिलं. ‘शब्दशः घ्यावी’! ती सूचना सिगारेटच्या पाकिटावरही असते गं, आमच्या मंडळातला धाकू पाकीट वाचतो आणि मग ओढतो.

तू लाजतेस हे कळलं. काम चांगलं झालं की आपल्या घरात कोणीच छातीठोकपणे बोलत नाही. तुझा बापही तसाच होता. आणि ‘काकूंचं ऐकावं’ हा टोमणाही पोचला. मी तो तिला वाचून दाखवला, तेव्हापासून ती चहा देताना हसते.

पण मी आंधळेपणाने बोलत नाही. तो सीन परवा पुन्हा लागला तेव्हा घड्याळ लावून पाहिला. एक मिनिट पन्नास सेकंद. त्यात एकदाही कट नाही. निहार माती उकरतो, कंद काढतो, पुसतो, निखाऱ्यात ढकलतो. मधली दहा मिनिटं भरभर पळवली आहेत, पण कॅमेरा जागचा हलत नाही. मागची काटकी तिथेच, दगडाची सावली तिथेच, थोडी सरकते फक्त. मग तो कंद बाहेर काढतो, फोडतो, खातो. कंद नजरेआड एकदाही होत नाही. बाकी सगळा कार्यक्रम नाटक असेल, हे एक मिनिट पन्नास सेकंद खरं आहे. जिथे लबाडी करायची असते तिथे कट लागतो. बरोबर ना?

आणि समज, नाटक असलं तरी बिघडलं काय? वर्कशॉपात नवा ड्रायव्हर आला की आम्ही त्याला न सांगता ब्रेक फेल झाल्याचं सोंग करायचो. मी खाली पाइपाचा कॉक फिरवायचो, तो वर बोंबलायचा. सोंगच होतं ते. पण गाडी कशी थांबवायची ते त्यातून शिकला की नाही? तुम्हीही लोकांना शिकवताच आहात. निहार पाण्यात भिजला की नाही, त्याच्याशी मला काय करायचंय?

तारीख ठरली. रविवार, २२ डिसेंबर. नियम कडक. शुक्रवारी संध्याकाळीच सगळ्यांचे फोन कपाटात. शनिवारी मी आणि बबन वर जाऊन गोणभर करांदे काढून ठेवणार, म्हणजे रविवारी म्हाताऱ्यांना उकरत बसायला नको. बबनला साखरेचा त्रास आहे, तो तर म्हणतो रानातलं खाणं म्हणजे औषधच.

तू सुट्टी काढून आलीस तर? नाव पडद्यावर पळतं, माणूस तरी समोर दिसेल.

सुभाषकाका

*

भाईंदर (पूर्व)
१३ डिसेंबर २०२४

ती. काकांस,
सा. न.

मागच्या पत्रात मी पुरेसं स्पष्ट लिहिलं नाही. आता लिहिते. हे पत्र कोणाला वाचून दाखवू नये.

निहारने खाल्लं ते रताळं होतं.

आमचं जंगल काशीमीऱ्याला गोदामांच्या मागे, डोंगराच्या पायथ्याशी आहे. हायवे सहाशे मीटरवर. ‘चाळीस किलोमीटरपर्यंत माणूस नाही’ असं निहार म्हणतो, त्या एका वाक्याखालून मी ट्रकचे सात हॉर्न काढले आहेत. नदी म्हणजे राईची खाडी, भरतीच्या वेळची.

त्या दिवशी खरा कडू करांदा आणला होता. आणून देणाऱ्या कातकरी बाईंनी निहारला सांगितलं, “भाऊ, हा असा खायाचा न्हाय. घसा जळंल, वकशील.” निहारने ऐकलं. दिग्दर्शक निकेत म्हणाला, माहिती तर खरीच आहे, झाडाचं नाव खरं, कंदाचं नाव खरं. तो खातो काय याने काय फरक पडतो? मग मला आणि कलाविभागाच्या मुलाला बाजारात पाठवलं. दुकानदाराने विचारलं, “मॅडम, उपवास है क्या?” मुलगा म्हणाला, “शूटिंग है.” “अच्छा, आजकल शूटिंग में भी उपवास?”

रताळ्याला माती आणि चहाची भुकटी चोळली. अकरा वाजून वीस मिनिटांनी ते वेलाच्या बुडाशी पुरलं. अकरा चाळीसला कॅमेरा सुरू झाला. म्हणून तुम्हांला कट दिसला नाही. तुम्ही नीटच पाहिलंत. बदल कॅमेरा सुरू होण्याच्या आधी झाला होता.

तुमचं ब्रेकचं उदाहरण मी विचारात घेतलं. तुमच्या सोंगात धोका खोटा होता आणि ब्रेक खरा होता. आमच्यात ब्रेकच बदलला आहे.

कडू करांद्यातला विषारी भाग दहा मिनिटं भाजून जात नाही. उलट्या होतात. जास्त दिवस खाल्ला तर यकृताला इजा होते. हे मी दोन ठिकाणी तपासलं.

१६ डिसेंबर

वरचं पत्र अजून माझ्या बॅगेत आहे. परवा ऑफिसात सगळ्यांकडून कराराच्या पुरवणीवर सह्या घेतल्या. नातेवाइकांशी बोलणंही त्यात आलं. मी सही केली. पोस्ट ऑफिस माझ्या घरापासून चालत सहा मिनिटांवर आहे.

१८ डिसेंबर

आज टाकते. स्पीड पोस्टने दोन दिवसांत मिळायला हवं.

संपदा

*

वडवली
२४ डिसेंबर २०२४

चि. संपदास खूप खूप आशीर्वाद!

मिळालं तुझं पत्र. काल, सोमवारी. शनिवारी आमच्याकडे पोस्टमन आलाच नाही, आणि रविवारी आम्ही डोंगरावर. फोन सोमवारी कपाटातून काढला, तर त्यात तुझे शनिवारचे पाच मेसेज. ‘खाऊ नका’, ‘खाऊ नका’. वाचून हसू आवरेना. अगं, खाल्ले! चौदाच्या चौदा जणांनी खाल्ले, पोटभर खाल्ले, आणि आज मंगळवार, एकाचंही पोट दुखलं नाही.

काय सांगू तुला तो दिवस. सकाळी सातला वर पोचलो. धाकूने दगडांची चूल मांडली. मी घड्याळ हातात धरून बसलो, बरोबर दहा मिनिटं. पहिला करांदा मी फोडला. सगळे माझ्याकडे बघत होते, जसा काही मी आता आडवा होणार. खाल्ला. गोड! मिठाबरोबर तर बटाट्याहून बरा. धाकू म्हणाला, “मायला, माझी आय रात्रभर व्हाळात ठेवायची. सगळी फुकट मेहनत.” बबनने सहा खाल्ले. मग मला उचलून धरलं त्या गाढवांनी. बासष्टाव्या वर्षी!

तेव्हा तुमच्याकडे रताळं असेल, आमच्याकडे खरा करांदा होता. मी स्वतः वेलाखालून काढलेला. तुमचा निहार भित्रा निघाला, पण कार्यक्रमाने सांगितलं ते खरं ठरलं. मी म्हणत होतो तेच. नाटक असो नाहीतर नसो, माहिती पक्की होती.

तुझं पत्र मी कोणाला दाखवलं नाही. तुझी नोकरी सांभाळ. आणि एवढी घाबरत जाऊ नकोस. बबन आज पुन्हा वर जाऊन स्वतःसाठी अर्धी गोण घेऊन आला, अंबिकावहिनी आता रोज भाजून देणार म्हणे.

तुझा
काका (फोरमन, ‘तग’, वडवली विभाग)

*

वडवली
२७ डिसेंबर २०२४

चि. संपदा,

तुला पत्र लिहायची माझी पहिलीच वेळ. अक्षर सांभाळून घे. हे दुपारचे झोपलेत तेवढ्यात लिहितेय.

शनिवारी तुझा फोन आला, तू म्हणालीस काकू, काहीही करा पण त्यांना खाऊ देऊ नका. मी म्हटलं, घाबरू नको, मी बघते. ते मी असं बघितलं. हे आणि बबन भावोजींनी आणलेली गोण पडवीत होती. पहाटे मी ती उकिरड्यामागे रिकामी केली आणि आपल्या परसातल्या गोड्या करांद्यांनी भरली. गोडा करांदा भाजून कोणीही खातं, पोरंसुद्धा. वरून दिसायला जवळजवळ सारखाच, आणि यांना कुठे ओळखता येतो! वरती थोडी ओली माती टाकली. ते गोण खांद्यावर टाकून शीळ घालत गेले.

सांगून ऐकलं नसतं का, असं तू म्हणशील. सांगितलं होतं ना! महिनाभर सांगत होते. तुझं नाव टीव्हीवर येतं, त्याच्यापुढे माझं काय चालणार? “संपदा इंजिनियर आहे, तू आहेस का?” असं म्हणाले.

आणि खरं सांगू? रविवारी संध्याकाळी ते घरी आले तेव्हा मला सांगवेना. कान गेल्यापासून हा माणूस चार लोकांत बोलायचा बंद झाला होता. कोणी हसलं की आपल्यालाच हसले असं वाटायचं त्यांना. त्या दिवशी पडवीत उभे राहून सगळ्यांना हातवारे करून सांगत होते. मी आत भाकऱ्या थापत रडत होते.

आता तू त्यातली आहेस म्हणून विचारते. असं एकदा लोकांना दाखवलं की ते किती दिवस तसंच ठेवायचं असतं? थोड्या दिवसांनी आपोआप विसरतात का?

यांना कळवू नको.

तुझी
मनोरमाकाकू

*

भाईंदर (पूर्व)
१ जानेवारी २०२५

सौ. काकूंस,
सा. न.

काल संध्याकाळी तुमचं पत्र मिळालं. लगेच फोन केला. तुम्ही “हो हो, बघू” म्हणालात आणि मागून काकांचा आवाज आला, ते कोणाला तरी चुलीची मांडणी समजावत होते. तुम्ही फोन ठेवलात. म्हणून लिहिते.

तुमच्यावर माझा राग नाही. तुम्ही चौदा माणसं वाचवलीत. पण आता ती चौदा माणसं असं समजतात की कडू करांदा दहा मिनिटं भाजला की खाता येतो. आमच्या कार्यक्रमाने हे फक्त पडद्यावर दाखवलं होतं. तुम्ही ते त्यांच्या जिभेवर ठेवलंत. आता त्यांना कोणी पटवून देऊ शकणार नाही, तुमच्याशिवाय.

काकांच्या पत्रानुसार बबनकाकांनी २४ तारखेला डोंगरावरून अर्धी गोण नेली आहे. ते करांदे कडू आहेत. आज आठ दिवस झाले. कृपया हे वाचताच त्यांच्या घरी जा आणि उरलेले टाकायला लावा. आणि काकांना सांगा. ते दुखावतील, हे मला मान्य आहे.

किती दिवस ठेवायचं, हे तुम्ही विचारलंत. मला माहीत नाही. आम्ही कधीच कोणाला खरं सांगत नाही.

तीन तारखेपर्यंत तुम्ही सांगितलं नाहीत तर मी काकांना मेसेज करेन.

संपदा

*

वडवली
७ जानेवारी २०२५

चि. संपदास आशीर्वाद.

रविवारी काकूने तुला फोनवर सांगितलंच आहे. तरी मी लिहितो, कारण कोणाशी तरी सरळ बोलायला हवं.

तुझं पत्र काकूला तीन तारखेला सकाळी मिळालं. ती ते पदरात धरून पडवीत आली आणि माझ्यासमोर उभी राहिली. मी ओठ वाचतो ना, पहिल्यांदा वाटलं मी चुकीचं वाचतोय. तिला पाटीवर लिहायला सांगितलं. तिने लिहिलं, ‘गोणीत गोडे होते.’

मी पाटी खाली ठेवली आणि तसाच बबनकडे गेलो. चपला घातल्या नव्हत्या हे परत येताना कळलं.

बबन खाटेवर होता. डोळे हळदीसारखे. अंबिकावहिनींनी पहिल्याच दिवशी घास थुंकला होता. “कडू जहर आहे, टाका ते,” म्हणाल्या. बबन म्हणाला, “कडू आहे म्हणजे साखरेला चांगलं. फोरमनने सांगितलंय, भाजला की बाधत नाही.” डोंगरावर गोड लागला होता हे त्याला आठवत होतं, पण त्याने ठरवलं की हा जरा जून आहे, एवढंच. रोज दोन खायचा. उलटी झाली की म्हणायचा, पोट साफ होतंय. दहा दिवस खाल्ले. कावीळ दिसली तेव्हा गावठी औषध सुरू केलं. आम्ही गेलो नसतो तर करांदाही चालूच राहिला असता.

दुपारी त्याला तालुक्याच्या रुग्णालयात नेलं, तिथून जिल्ह्याला. डॉक्टरांनी विचारलं, काय खाल्लं? त्याचा मुलगा म्हणाला, नेहमीचंच. तेव्हा काकू पुढे झाली आणि सगळं सांगितलं, गोणीसकट. माझ्यासमोर, त्याच्या मुलासमोर. डॉक्टर म्हणाले, हे कळलं नसतं तर आम्ही दुसरंच शोधत बसलो असतो. रक्ताचे आकडे अजून वाढताहेत. चार दिवस थांबा म्हणाले, मग सांगू.

मी उरलेल्या बारा घरी गेलो. प्रत्येकाला सांगितलं की तुम्ही खाल्ले ते गोडे होते. धाकूचा विश्वासच बसेना. “फोरमन, मी स्वतः खाल्लाय, कोणाला शिकवतोस?” शेवटी काकूला बरोबर नेलं, आणि दोन्ही करांदे चिरून दाखवले, तेव्हा त्याला पटलं. दोन घरांत कडू करांदे आणून ठेवलेले सापडले. एका घरात दुसऱ्याच दिवशी सुनेच्या डोहाळजेवणाला करणार होते.

नाटकाने काय बिघडतं, असं मी तुला लिहिलं होतं. बबनच्या मुलाने मला रुग्णालयाच्या जिन्यात विचारलं, “काका, तुम्हांला माहीत होतं ना ते रताळं होतं? संपदाताईंचं पत्र आलं होतं ना तुम्हांला?” रुग्णालयात जाताना मी ते काकूला सांगितलं होतं, आणि तिने तेही सांगून टाकलं होतं. मी हो म्हटलं. तो पुढे काही बोलला नाही. बोलला असेल तर माझ्याकडे पाठ करून.

पत्र सोमवारी आलं, बबन मंगळवारी वर गेला. मध्ये एक पूर्ण दिवस होता. मी तो हसण्यात घालवला.

तुझ्याकडून मला काही नको. मंडळातले विचारतात, टीव्हीवर तो सीन अजून दाखवतात का? काय सांगू?

सुभाषकाका

*

भाईंदर (पूर्व)
१२ जानेवारी २०२५

ती. काकांस,
सा. न.

अंबिकाकाकूंशी आज सकाळी फोनवर बोलले. आकडे कालपासून वाढलेले नाहीत. कमीही झालेले नाहीत. डॉक्टरांनी आणखी तीन दिवस सांगितले आहेत.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर : हो, दाखवतात. मागच्या आठवड्यात दोनदा दाखवला.

सोमवारी मी निकेतकडे गेले. बबनकाकांबद्दल सांगितलं आणि तो सीन काढा म्हटलं. तो वाईट माणूस नाही. त्याने आधी मला पाणी दिलं. मग म्हणाला, “संपदा, असे शोज सेट केलेले असतात हे आजकाल शाळेतल्या पोरालाही कळतं. कोण फसतंय?”

मी म्हटलं, “माझ्या काकांनाही कळत होतं. नाड्या कोरड्या आहेत हे त्यांनी ओळखलं होतं.”

“मग खाल्लं कशाला?”

“कारण त्यांना वाटलं, एवढं सगळं खोटं असताना आपण हा एक खरा तुकडा शोधून काढला.”

तो म्हणाला, सूचना चारऐवजी आठ सेकंद करू. मी लेखी मागितलं. त्याने सीझनचं काम संपू दे म्हटलं.

मंगळवारी मी चॅनेलला पत्र दिलं. अडीच पानं. रताळं कुठून आणलं, किती वाजता पुरलं, खरा करांदा कोणी आणला आणि तिने काय सांगितलं होतं, आणि वडवलीत काय झालं. खाली सही आणि पत्ता. पोच घेतली. गुरुवारी सकाळी ऑफिसच्या दारावर माझं कार्ड चाललं नाही. सुरक्षारक्षक म्हणाला, “मॅडम, मशीन का लोचा होगा, रुको.” मी थांबले नाही. आईला अजून सांगितलेलं नाही. आज सांगेन. सीन काढतील की नाही, मला माहीत नाही. पाठपुरावा करते आहे.

तुम्ही तो एक दिवस हसण्यात घालवलात असं लिहिलंत. हिशेब पूर्ण करायचा तर पत्र पाच दिवस माझ्या बॅगेत होतं. पोस्ट ऑफिस सहा मिनिटांवर होतं. ते वेळेवर मिळालं असतं तर काकूंना गोण बदलावी लागली नसती. एक तारखेला मी काकूंना पुन्हा दोन दिवस दिले. बबनकाकांचे उपचार तितके दिवस मागे पडले.

येत्या रविवारी, १९ तारखेला, सकाळच्या गाडीने मी येते. आधी रुग्णालयात जाईन, मग गावात. मंडळातल्या सगळ्यांना दुपारी बोलावून घ्याल का? कोणी यायला नको म्हणाले तरी मी त्यांच्या घरी जाईन. बबनकाकांच्या मुलालाही यायला सांगा. त्याला जे विचारायचं ते त्याने मला विचारावं, तुम्हांला नाही.

मला चार माणसांत बोलता येत नाही, म्हणून काय बोलायचं ते लिहून काढलं. रताळं, वेळ, माती, कागदावर सगळं नीट आलं. एक गोष्ट मी तुम्हांला आधीच्या दोन्ही पत्रांत सांगितली नव्हती. चॅनेलच्या पत्रात ती शेवटच्या ओळीत घातली होती. गावात मी तिथूनच सुरुवात करणार आहे. तुम्हांला ती सगळ्यांसोबत कळू नये, म्हणून आधी लिहिते.

त्या दिवशी निकेतने विचारलं होतं की लोकांचा विश्वास बसेल असं हे कसं घ्यायचं. मी म्हटलं होतं, मध्ये कट घेऊ नका.

संपदा